तिला लिहिता तरी येत होते

कादंबरी वाचून आयुष्याला वळण लागले, असे कोणी सांगू लागले की ऐकणारा माणूस जरा सावरून बसतो. गीता वाचून लागले म्हणा, एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र वाचून लागले म्हणा. लोक समाधानाने मान डोलावतात. पण कादंबरी! ती तर दुपारी लोळत वाचायची चीज. माझ्या लहानपणी आमच्या घरात ‘कादंबरी वाचणे’ आणि ‘दूध उतू जाणे’ हे दोन शब्दप्रयोग बहुधा एकाच वाक्यात येत असत. तरीसुद्धा मला सांगितले पाहिजे, की गेली जवळजवळ साठ वर्षे मी जे काम करीत आले, ते मला एका कादंबरीने दिले. त्यातली गंमत पुढेच आहे. त्या कादंबरीतले मर्म मला दाखवले ते कुणा प्राध्यापकाने किंवा टीकाकाराने नव्हे. ज्या बाईला स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते, तिने ते दाखवले.

कादंबरी होती हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ हरी नारायण आपटे यांचा जन्म १८६४ चा. १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ नावाचे पत्र सुरू केले आणि ही कादंबरी त्यातूनच क्रमशः वाचकांच्या हाती पडू लागली. पुस्तकरूपाने ती १८९३ मध्ये आली. आपल्यासारख्या साप्ताहिके वाचणाऱ्या मंडळींनी हे जरूर लक्षात ठेवावे, की मराठीतली ही थोर कादंबरी प्रथम भावली ती एका नियतकालिकाच्या वाचकांना, पुढच्या अंकाची वाट पाहत.

यमू नावाची एक ब्राह्मण मुलगी आपली हकीकत स्वतः सांगते आहे, अशी तिची मांडणी आहे. लहानपणचे दिवस, लवकर झालेले लग्न, सासरचा जाच, मग नवऱ्याबरोबर मुंबईत थाटलेला संसार आणि तिथले ते थोडे मोकळे, सुखाचे दिवस. रघुनाथराव समंजस, बायकोने वाचावे, बोलावे, चार चांगल्या माणसांत मिसळावे असे त्यांना वाटते. पण ते अकाली जातात आणि यमू पुन्हा त्याच काळोख्या घरात येऊन पडते. तिथे तिच्या मनाविरुद्ध तिचे केशवपन केले जाते. त्या काळच्या वाचकाला ही काही दूरची गोष्ट नव्हती. ज्या १८९० साली ‘करमणूक’ निघाले, त्याच साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधवांची सभा भरली होती आणि विधवांच्या डोक्याला आम्ही वस्तरा लावणार नाही, असे त्यांनी ठरवले होते. म्हणजे हा प्रश्न घरोघरीचा होता.

हे सारे मला पुढे समजले. १९६६ च्या उन्हाळ्यात मला एवढेच ठाऊक होते, की अकरावीची परीक्षा संपली आहे आणि आता माझे काय करायचे याविषयी घरात रोज रात्री एक बैठक भरते. वडिलांच्या मते टायपिंगच्या क्लासला घालावे. काकांच्या मते एवीतेवी लग्नच करायचे, तर टायपिंगची फी कशाला? आई म्हणे, निकाल तर लागू द्या. या चर्चेत माझे मत कोणी विचारीत नसे, आणि खरे सांगायचे तर विचारले असते तरी द्यायला माझ्यापाशी मत नव्हते. सतरा वर्षांच्या मुलीला जे जे येते ते सगळे मला येत होते. आपल्याला काय हवे आहे, ते मात्र सांगता येत नव्हते.

आमचे बिऱ्हाड पुण्यात शनिवार पेठेतल्या एका वाड्यात होते. दोन खोल्या, एक अंधारे माजघर आणि वर पोटमाळा. घरात आजोबांची धाकटी बहीण होती. आम्ही मुले तिला आत्याआजी म्हणत असू. ती तेराव्या वर्षी विधवा झाली, पंधराव्या वर्षी तिचे केस गेले आणि तेव्हापासून ती माहेरी होती. तांबडे आलवण, एकवेळचे जेवण, पहाटेची थंड पाण्याची आंघोळ. लोणची, पापड, सांडगे, बाळंतिणीचे डिंकाचे लाडू, सारे तिच्या हातचे. आजोबा गेले, आजी गेली, वडिलांचे केस पिकू लागले, तरी तिचा क्रम चुकला नाही. वयाची पंचाहत्तरी तिने त्याच माजघरात गाठली होती.

दुपारी ती वाती वळीत बसे. देवाला लक्ष वाती लावायचा तिचा नेम होता. आता एक लाख मोजायचे म्हणजे चेष्टा नव्हे, आणि तिला तर आकडे मांडता येत नव्हते. म्हणून तिने आपली एक रीत बसवली होती. शंभर वाती झाल्या की एक चिंचोका डब्यात टाकायचा. दहा चिंचोके झाले की ते काढून घेऊन त्यांच्या जागी एक कवडी. कवड्या शंभर झाल्या की लाख पुरे. हा हिशेब मला एकदा तिने समजावून सांगितला, तेव्हा आमच्या गणिताच्या बाईंनी दशमान पद्धती इतकी सोपी करून का सांगितली नाही, असे मला वाटून गेले.

त्या उन्हाळ्यात मी दुपारी मोठ्याने वाचीत असे. आई गहू निवडी, आत्याआजी वाती वळी आणि मी वाचनालयातून आणलेले पुस्तक वाची. हरिभाऊंची कादंबरी मी आणली ती केवळ जाडी पाहून; एवढी जाडजूड म्हणजे महिनाभर पुरेल, हा हिशेब. आईने नाव पाहिले आणि तिचा हात सुपातच थांबला. तिने ती माहेरी असताना वाचली होती. मला स्वयंपाकघरात बोलावून ती हळूच म्हणाली, “हे नको गं त्यांच्यापुढं वाचूस.”

बाहेरून आवाज आला, “काय नको वाचूस? वाचू दे की.”

आत्याआजीचे डोळे मोतीबिंदूने अधू झाले होते; कान मात्र शाबूत होते.

मग वाचन सुरू झाले. पहिले काही दिवस आत्याआजी हसत होती. यमूच्या लहानपणच्या खोड्या, भावाशी भांडणे, भातुकली. मध्येच ती म्हणे, “हो, अस्संच असायचं.” सासरचे वर्णन आले तेव्हा हसू थांबले आणि हुंकार सुरू झाले. मुंबईचे दिवस आले तेव्हा ती एकदम गप्प झाली. नवराबायको एकत्र बसून बोलतात, तो तिला वाचायला लावतो, हे तिला परीकथेसारखे वाटत असावे. एकदा तिने मला तेवढाच भाग पुन्हा वाचायला लावला. स्वतःच्या नवऱ्याचा चेहरा तिला आठवत नव्हता. “कानात भिकबाळी होती,” एवढेच ती सांगत असे.

आणि मग ते प्रकरण आले. पुढे काय होणार ते आईला ठाऊक होते. ती म्हणाली, “आज पुरे. पाणी यायची वेळ झाली.”

“पाणी येईल,” आत्याआजी म्हणाली. “वाच गं तू. ती काय म्हणते ते ऐकू दे मला.”

मी वाचले. प्रकरण संपेपर्यंत कोणी बोलले नाही. आई पदराने डोळे टिपीत होती. आत्याआजीचे डोळे कोरडे होते. हातातली अर्धी वळलेली वात तशीच होती. बऱ्याच वेळाने ती म्हणाली,

“तिचं बरं होतं.”

आईने दचकून वर पाहिले. “आत्याबाई, काय म्हणता हे? काय बरं होतं तिचं?”

“तिला लिहिता तरी येत होतं.”

वाचकहो, या कादंबरीवर पुढे मी पुष्कळ वाचले. तिच्यातला वास्तववाद, तिच्यातली सुधारणावादी दृष्टी, स्त्रीच्या तोंडची भाषा हरिभाऊंनी कशी पकडली, यांवर विद्वानांनी लिहिलेले सगळे मला मान्य आहे. पण या एका वाक्याच्या जवळ जाणारे काही मला कुठे आढळले नाही. आम्ही शिकलेली माणसे यमूने काय सोसले ते पाहत होतो. आत्याआजीने तेच सोसले होते, म्हणून तिला त्यात नवे काही नव्हते. नवे होते ते दुसरेच. यमूला आपले सोसणे कागदावर मांडता आले होते. म्हणून सत्तर वर्षांनी तिसऱ्याच घरातली एक मुलगी ते वाचीत होती आणि एक सून त्यावर रडत होती. आत्याआजीचे सोसणे तिच्याबरोबर जाणार होते.

मी तिला सांगितले, की यमू काही खरी नाही. हे सगळे हरिभाऊ आपटे नावाच्या गृहस्थांनी लिहिले आहे.

“पुरुषानं लिहिलंय?” तिला ते खरेच वाटेना. थोडा विचार करून तिने विचारले, “मग त्याला हे सांगितलं कोणी?”

याचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. आज वाटते, कोणीतरी त्यांना सांगितले असेल. घराघरांतून अशा बायका होत्याच. फरक इतकाच, की ते ऐकून घेणारा माणूस लिहिणारा निघाला. कादंबरीच्या नावात जो प्रश्न आहे, त्याचे पहिले उत्तर स्वतः हरिभाऊच होते.

दुसऱ्या दिवशी मी धाकट्या भावाची जुनी पाटी माळ्यावरून काढली आणि आत्याआजीपुढे ठेवली. ती हसली. “आता? आता काय सरणावर न्यायचंय का अक्षर?” पण पाटी तिने सरकवून दिली नाही, हे मी पाहून ठेवले.

शिकवायचे कसे, हे मला कोणी शिकवले नव्हते. मी आपली शाळेच्या रिवाजाप्रमाणे ग, म, भ, न काढू लागले. दोन दिवसांत पेन्सिलीचे चार तुकडे झाले. जन्मभर पाटावरवंटा फिरवलेला तो हात. त्याला हलके दाबणे ठाऊक नव्हते. शेवटी उपाय तिनेच सुचवला. “ही पेन्सिल राहू दे. रांगोळी आण.” जमिनीवर रांगोळीच्या चिमटीने तिने माझा ‘ग’ असा काही सफाईने उतरवला, की मी पाहत राहिले. ठिपका, रेघ, गोलाई, वळण, सगळे तिच्या बोटांत आधीपासूनच होते. सात दशके दारात गोपद्म आणि स्वस्तिके काढणाऱ्या हाताला देवनागरी अवघड का जावी? माजघराच्या फरशीवर आठ दिवसांत अर्धी बाराखडी झाली. मग पाटी आली, मग शिसपेन्सिल आणि वही. मोतीबिंदूमुळे अक्षरे बोराएवढी काढावी लागत, म्हणून वहीच्या पानावर तीनच ओळी मावत.

तिला सासरहून दरमहा दहा रुपयांची मनीऑर्डर येई. इतकी वर्षे पोस्टमन आला की शाईची डबी उघडायची, तिचा अंगठा उमटवायचा आणि खाली वडिलांनी ‘निशाणी अंगठ्याची’ असे लिहून साक्ष घालायची, असा रिवाज होता. ऑगस्ट महिन्यात पोस्टमनने सवयीने डबी उघडली. आत्याआजीने ती मिटवली आणि लेखणी मागितली. तिने सही केली तेवढ्या वेळात पोस्टमनचा वाड्यातला बाकीचा सगळा टपाल-बटवडा होऊन गेला असता. तो बिचारा उन्हात उभा राहिला. सही पाहून म्हणाला, “आजी, ही तुमचीच ना?”

“मग काय तुझी?” ती म्हणाली.

त्या रात्रीच्या बैठकीत प्रथमच मी तोंड उघडले. मला डी.एड. करायचे आहे आणि शिक्षिका व्हायचे आहे, असे मी सांगितले. काकांनी फी विचारली. वडील काही बोलले नाहीत. मनीऑर्डरची पावती पुन्हा एकदा दिव्याजवळ धरून पाहत होते. मला वाटते, त्या पावतीने माझे काम केले.

आत्याआजीने पुढे वहीत काय लिहिले असेल, असे आपल्याला वाटते? मला वाटले होते, ती यमूसारखी आपली कर्मकहाणी लिहील. तिने एकूण अकरा ओळी लिहिल्या. त्यांत कोणाला शिव्याशाप नाहीत. परसातली विहीर आहे, एक तांबडी गाय आहे, भोंडल्याला येणाऱ्या दोन मैत्रिणींची नावे आहेत आणि एक ओळ अशी आहे: माझ्या वेणीत आई बकुळीचा गजरा घालीत असे. इतकेच. पुढची ओळ कोरी आहे. ती १९६९ साली गेली. वही माझ्यापाशी आहे.

त्या अभ्यासाच्या दिवसांतले तिचे एक बोलणे मात्र मला कायमचे लागून राहिले. एकदा मी तिला विचारले, की पुण्यात राहून तुझ्या कानांवर कर्व्यांचे नाव कधी आले नाही का? धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि १९०० मध्ये तो शहरापासून चार मैलांवर हिंगण्याला नेला. १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाचे काम पुण्यात सुरू झाले. प्रौढ स्त्रिया तिथे शिकू लागल्या. पार्वतीबाई आठवले विधवा झाल्यानंतर लिहायला-वाचायला शिकल्या, आश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव हिंडल्या आणि १९१८ मध्ये थेट अमेरिकेला जाऊन पोचल्या.

“आलं होतं की कानांवर,” आत्याआजी म्हणाली. “हिंगण्याला बायका शिकतात म्हणून. पण चार मैल म्हणजे काय थोडं होतं? आमच्या उंबऱ्यापासून मोजायचं ना ते!”

हे वाक्य मी माझ्या कामाचे सूत्र म्हणून धरले. शाळा कितीही चांगली असो, बाईच्या उंबऱ्यापासून ती चार मैलांवर असेल तर ती नसल्यासारखीच. म्हणून दिवसा प्राथमिक शाळेत मुलांना शिकवायचे आणि संध्याकाळी एखाद्या ओट्यावर, देवळाच्या ओवरीत, चाळीच्या जिन्याखाली बायकांचा वर्ग घ्यायचा, असा क्रम मी धरला. सरकारच्या योजना आल्या. १९७८ मध्ये राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला, १९८८ मध्ये साक्षरता मिशन आले. त्यांतून पाट्या मिळाल्या, पुस्तके मिळाली, कधी कंदीलही मिळाले. योजना संपल्या की फलक निघत. ओट्यावरच्या बायका मात्र दुसऱ्या दिवशी येऊन बसतच.

या वर्गांत मी ग-म-भ-न पासून कधी सुरुवात केली नाही. पहिला धडा नेहमी रांगोळीचा. दुसरा धडा जिचे तिचे नाव. तिसरा धडा तिला हवा असलेला शब्द. या तिसऱ्या धड्यात बाई कळते. कोणी बसच्या पाट्या वाचायला मागते, कोणी रेशनचे कार्ड. एकीला दुकानदाराची वही वाचायची होती. ती वाचता येऊ लागल्यावर तिने उधारीतले सव्वाशे रुपये कमी करून घेतले. एकीने मुलाच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर सही केली आणि ते पुस्तक शेजारणीला दाखवायला घेऊन गेली. अलीकडे एक सत्तरीची बाई येते. तिला परदेशी असलेल्या नातीचे व्हॉट्सॲपवरचे निरोप वाचायचे आहेत. “सुनेला वाचून दाखवायला सांगितलं,” ती म्हणते, “तर ती सगळं सांगत नाही.”

आता काळ बदलला, असे आपण म्हणतो, आणि तो बदलला आहेच. आलवणातली बाई आज दिसत नाही. तरी २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या पुरुषांची साक्षरता शेकडा ८८.३८ होती आणि स्त्रियांची ७५.८७. म्हणजे सात वर्षांवरच्या दर शंभर स्त्रियांत चोवीस जणींच्या हाती अक्षर नव्हते. आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेने नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे बंद करण्याचा ठराव केला, तो कधी? मे २०२२ मध्ये. हरिभाऊंचे पुस्तक निघाल्याला तेव्हा १२९ वर्षे होऊन गेली होती. हा ठराव माझ्या वर्गातल्या एका बाईने वर्तमानपत्रातून स्वतः वाचला आणि बाकीच्यांना वाचून दाखवला. वाचताना ती दोनदा अडखळली. मी मुद्दामच मदत केली नाही.

लोक मला विचारतात, की एवढी वर्षे हे काम करून काय साधले? किती बायका शिकल्या? आकडा मी ठेवलेला नाही. पण वर्ग सुटताना मी प्रत्येकीकडून एक करून घेते. वहीच्या शेवटच्या पानावर तिने स्वतःविषयी काही लिहायचे. दोन ओळी, चार ओळी, वाटेल ते. मी ते तपासत नाही. ऱ्हस्व-दीर्घाला हात लावीत नाही. फक्त वाचते, आणि वाचले म्हणून खाली माझी सही करते. पोटमाळ्यावरच्या दोन पत्र्याच्या ट्रंका अशा पानांनी भरल्या आहेत. त्यांत हरिभाऊंच्या तोडीचे साहित्य आहे असा माझा दावा नाही. पण ती लिहिणारीच्या हातची आहेत, आणि निदान एका माणसाने ती लक्ष देऊन वाचली आहेत.

दिवाळीच्या सुट्टीत वर्ग चार दिवस बंद असतो. बायका दारापुढे रांगोळ्या काढतात. यंदा त्यांतल्या बऱ्याचजणींनी रांगोळीच्या कडेला आपापले नाव घातले आहे. तुमच्याही आळीत असे एखादे वेडेवाकडे नाव दारात दिसले, तर घाईत ओलांडून जाऊ नका. क्षणभर थांबून वाचा. लिहिणारीने ते फार उशिरा लिहिले आहे, आणि कोणीतरी वाचावे म्हणूनच लिहिले आहे.